यीस्ट जिवंत ठेवून लादी पाव घरी कसा करावा

घरी केलेला पाव घट्ट बसला की दोष सहसा ओव्हनवर किंवा मैद्यावर जातो. पण पुष्कळदा चूक त्याच्या कितीतरी आधी, यीस्ट ज्या पाण्यात किंवा दुधात सोडले तिथेच झालेली असते. मी पहिल्यांदा पाव केला तेव्हा नुकतेच उतरवलेले दूध एव्हाना कोमट झाले असेल अशा अंदाजाने यीस्टवर ओतले होते आणि तीन तास झाकून ठेवूनही पीठ तसूभर हलले नव्हते. त्या दिवशी ध्यानात आले की पाकिटातले करडे दाणे मीठ-मसाल्यासारखे वापरायचे नसतात. शाळेच्या पुस्तकात किण्व म्हणून ज्याची ओळख होते, तेच हे एकपेशीय कवक; शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. एका ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये अशा अब्जावधी पेशी निद्रिस्त असतात आणि त्यांना न दुखावता जागे करणे हेच पाव करण्यातले पहिले आणि सर्वांत नाजूक काम आहे.

कोणते यीस्ट घ्यावे

बाजारात यीस्ट तीन रूपांत मिळते. ताजे यीस्ट पिवळसर पांढऱ्या, भुसभुशीत वडीच्या रूपात असते. ते फ्रीजमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते आणि मुख्यतः बेकरीवालेच वापरतात. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे काहीसे जाड असतात व ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागते. इन्स्टंट यीस्टचे दाणे अगदी बारीक असतात आणि ते थेट मैद्यात मिसळले तरी चालते. पाककृतीत एक सांगितलेले असेल आणि घरात दुसरे असेल, तर १५ ग्रॅम ताज्या यीस्टऐवजी सुमारे ६ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय किंवा ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांचा यीस्टशी काहीही संबंध नाही. त्यांतून निघणारा वायू रासायनिक अभिक्रियेचा असतो, त्यामुळे त्यांनी केक फुगतो, पण पावाची चव आणि लवचिकता येत नाही.

बारा पावांच्या एका लादीसाठी ५०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (सपाट दीड छोटा चमचा), २० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम मऊ लोणी आणि दूध व पाणी मिळून ३२५ मिलिलिटर द्रव घ्यावा. शक्य असेल तर सारे वजनकाट्यावर मोजावे, कारण वाटीत दाबून भरलेला मैदा आणि सैल भरलेला मैदा यांच्या वजनात बराच फरक पडतो.

यीस्ट जिवंत आहे का, हे आधी पाहावे

पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील, तर इन्स्टंट यीस्टचीही ही परीक्षा घ्यावी. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टसाठी तर ती नेहमीचीच पायरी समजावी. मोजलेल्या द्रवातील १०० मिलिलिटर पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावे. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून पाहावा; ऊब जाणवली पाहिजे, पण चटका बसता कामा नये. त्यात मोजलेल्या साखरेतील एक छोटा चमचा साखर विरघळवून वर यीस्ट भुरभुरावे आणि दहा मिनिटे भांडे हलवू नये.

ही दहा मिनिटे भांड्याजवळ उभे राहून घालवण्यासारखी असतात. सुरुवातीला दाणे पाण्यावर तरंगतात, मग एकेक दाणा ओला होऊन मऊ पडतो आणि त्यातून दुधी रंगाचे धागे खाली उतरू लागतात. पाचेक मिनिटांनी कडेला बारीक बुडबुडे जमतात आणि थोड्याच वेळात पृष्ठभागावर फेसाची जाड, मऊ साय धरते. तिला ताज्या पावासारखा वास येतो. अशी साय आली की यीस्ट वापरण्याजोगे आहे. दहा-पंधरा मिनिटांनीही पाणी नुसते गढूळ राहिले, तर ते यीस्ट टाकून द्यावे आणि मैदा वाया घालवू नये.

पाण्याच्या तापमानाविषयी इतका आग्रह धरण्याचे कारण असे की, तापमान ५५ ते ६० अंशांच्या आसपास पोहोचले की यीस्टच्या पेशी मरू लागतात आणि एकदा मेलेले यीस्ट कोणत्याही उपायाने कामाला लागत नाही. उलट ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट फार गार पाण्यात भिजवले, तर सुकलेल्या पेशींचे आवरण नीट सांधण्याच्या आत पेशीतील काही द्रव्ये बाहेर झिरपतात आणि पीठ चिकट व सैल होते.

पीठ तिंबावे

परातीत मैदा, उरलेली साखर आणि मीठ आधी नीट मिसळून घ्यावे, म्हणजे मीठ एकाच जागी यीस्टवर पडणार नाही. मीठ पेशींतील पाणी ओढून घेते, म्हणून सुक्या यीस्टवर थेट मीठ टाकू नये. फेसाळलेले यीस्ट आणि उरलेले कोमट दूध-पाणी घालून पीठ गोळा करावे, पंधरा मिनिटे झाकून ठेवावे आणि मग दहा-बारा मिनिटे चांगले तिंबावे. तिंबण्याच्या शेवटी लोणी थोडे थोडे मुरवावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असते आणि सुरुवातीला हाताला चिकटते. त्या वेळी वरून मैदा घालण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण वरून घातलेल्या मैद्याने पाव कोरडा होतो. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणावा. तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला, म्हणजे ग्लुटेनचे जाळे तयार झाले. यीस्ट कितीही वायू सोडो, हे जाळे नसेल तर तो पिठात कोंडून राहणार नाही.

पहिली फुगवण

गोळ्याला तेलाचा हात लावून तो उभ्या, सरळ कडांच्या डब्यात ठेवावा, पिठाच्या पातळीवर डब्याला बाहेरून रबर लावावे आणि वर ओला फडका घालावा. पीठ त्या खुणेच्या दुप्पट चढेपर्यंत थांबायचे. हवा २७ ते ३० अंश असेल तर तासाभरात हे होते, मे महिन्यात त्याहून लवकर होते आणि डिसेंबरात पुण्यासारख्या ठिकाणी दोन तासही लागतात. थंडीत बंद ओव्हनमध्ये, तो न पेटवता, पिठाशेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवले तर पुरेशी ऊब मिळते. पाककृतीतला वेळ हा अंदाज असतो, म्हणून घड्याळापेक्षा डब्यावरच्या खुणेवर विश्वास ठेवावा.

या तासाभरात डब्यात जे चालते, ते समजून घेतले तर पुढच्या चुका आपोआप टळतात. मैद्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही साखर मोकळी करतात, यीस्ट ती आणि आपण घातलेली साखर खाते, आणि ऑक्सिजन संपल्यावर ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करते. वजनाच्या हिशेबात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. फडका उचलल्यावर पिठाला जो किंचित मादक वास येतो तो या इथेनॉलचा. भट्टीत तो बहुतांशी उडून जातो. बिअर करणारा याच अभिक्रियेतून मद्यार्क राखतो, तर आपल्या साखर कारखान्यांलगतच्या डिस्टिलऱ्या मळीवर यीस्ट वाढवून तेच इथेनॉल टाक्याच्या टाक्या भरून काढतात.

यीस्ट पाकिटातूनच यावे असेही नाही. पहाटे गोड लागणारी नीरा उन्हे वर आल्यावर आंबूस होऊन फेसाळू लागते, ती हवेतून, मडक्यातून आणि झाडावरून आलेल्या यीस्टमुळे व जिवाणूंमुळे. गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला, त्यांच्या भाषेतील ‘पांव’ या शब्दावरूनच आपण पाव म्हणतो, आणि तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर, म्हणजे माडाचा आंबलेला रस, वापरली. आज बहुतेक भट्ट्यांत तयार यीस्टच वापरतात, पण सुरेवर फुगलेल्या पिठाची चव वेगळी असते, कारण तिच्यात यीस्टच्या जोडीला आम्ल तयार करणारे जिवाणूही असतात.

हेच जिवाणू नको तिथे माजले की काय होते, हे १८५६ मध्ये लिल शहरात लुई पाश्चर यांनी पाहिले. बिटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखान्यात काही पिंपे आंबट पडत होती. चांगल्या पिंपातील थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर यीस्ट दिसत असे, तर नासलेल्या पिंपात लांबट, बारीक जीव वळवळत असत. आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे, हे पाश्चर यांनी पुढील काही वर्षांत ठामपणे मांडले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत सिद्ध केली. आज आपल्या पाकिटातील यीस्ट दर वेळी सारखेच वागते, याचे मूळ तिथे आहे. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी वाळूबरोबर यीस्ट वाटून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तेव्हा एकही जिवंत पेशी नसताना रसातून बुडबुडे निघू लागले. काम करणारी द्रव्ये पेशीबाहेरही काम करतात हे त्यातून उघड झाले आणि १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. एन्झाइम या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच ‘यीस्टमध्ये’ असा आहे.

मला या साऱ्यात सर्वाधिक विस्मय वाटतो तो असा की, पेशीचे केंद्रक, तिचे विभाजन आणि तिची अंतर्गत वाहतूक या बाबतींत यीस्ट आपल्या पेशींच्या बरेच जवळचे आहे. म्हणून तर १९९६ मध्ये केंद्रकयुक्त सजीवांपैकी सर्वप्रथम यीस्टचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, पेशी स्वतःचेच निकामी भाग कसे पचवते हे योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये शोधले व त्यासाठी २०१६ चे नोबेल मिळवले, आणि हेपॅटायटिस बी वरील लसीतील प्रथिनही यीस्टमध्येच तयार केले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जो राष्ट्रीय संग्रह आहे, त्यातही यीस्टचे अनेक वाण जपलेले आहेत.

घरात मुले असतील तर पीठ फुगेपर्यंत त्यांच्याकडून एक प्रयोग करून घ्यावा. तीन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी एक छोटा चमचा यीस्ट आणि एक मोठा चमचा साखर घालून एकीत फ्रीजचे पाणी, दुसरीत कोमट पाणी आणि तिसरीत मोठ्या माणसाने गरम पाणी ओतावे. ते साधारण ७० अंशांचे असावे आणि बाटली काचेची, जाड असावी. प्रत्येक तोंडावर फुगा बसवावा. अर्ध्या-पाऊण तासात कोमट पाण्याचा फुगा उभा राहतो, गार पाण्याचा आळसावलेला असतो आणि गरम पाण्याचा तसाच लोंबत राहतो.

लादी लावून भाजावी

मैद्यात बुडवलेले बोट पिठात दोन पेरे खुपसून पाहावे. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, सावकाश निम्मा भरला तर पीठ तयार आहे, आणि बोट लागताच पीठ खाली बसले तर फुगवण लांबली आहे. लांबलेले पीठ आंबट होते, त्यातील साखर संपत आलेली असते व जाळे ढिले पडते. तरी ते फेकू नये, पुन्हा हलके मळून गोळे करावेत.

पिठातील वायू तळव्याने अलगद काढून त्याचे साधारण ७४ ग्रॅमचे बारा गोळे करावेत. प्रत्येक गोळ्याच्या कडा खाली दुमडून वरचा भाग ताणून गुळगुळीत करावा आणि लोणी लावलेल्या ९ बाय १२ इंचांच्या ट्रेमध्ये बोटभर अंतर ठेवून ते मांडावेत. झाकून ३५ ते ४५ मिनिटे ठेवले की ते एकमेकांना टेकतात. तोवर ओव्हन २०० अंशांवर तापवून ठेवावा, वरून हलक्या हाताने दूध लावावे आणि १८ ते २० मिनिटे भाजावे. भट्टीत गेल्यावर पहिली काही मिनिटे यीस्ट अखेरचा जोर करते, कोंडलेला वायू प्रसरण पावतो आणि पाव डोळ्यांदेखत वर येतात. पिठाचे तापमान ६० अंशांच्या पुढे गेले की यीस्ट मरते, त्यानंतरचे काम निव्वळ उष्णतेचे असते. वरचा रंग बदामी झाला आणि तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की लादी काढावी, लगेच लोणी फिरवावे आणि जाळीवर अर्धा तास निवू द्यावी. गरम असताना तोडली तर आतील भाग लगद्यासारखा चिकटतो.

उघडलेले यीस्ट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये, आणि महिन्यातून एखाद्याच वेळी पाव होत असेल तर फ्रीझरमध्ये ठेवावे. कोकणात पावसाळ्यात बाहेर राहिलेले पाकीट ओलावा धरते आणि दाणे लवकर कमजोर होतात. पुढच्या लादीसाठी, गोळे करताना मुठीएवढे पीठ बाजूला काढून तेल लावलेल्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावे. दोन-तीन दिवसांत ते नव्या पिठात मिसळले, तर यीस्ट थोडे कमी घातले तरी चालते आणि पावाला किंचित आंबूस, भरीव चव येते.