पाय सुजले की लगेच ‘पाण्याची गोळी’? या चुका टाळा

बेळगावच्या वडगावात माझं औषधाचं दुकान आहे. आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत दिवसभर मागावर उभी राहिलेली माणसं जास्त. रोज त्यातलं कुणीतरी काउंटरवर हात टेकून म्हणतं, “अण्णा, पाण्याची गोळी द्या की, पाय सुजूलालेत.”

पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. काही जण रागावतात, काही सरळ पुढच्या दुकानात जातात.

ताप जसा डझनभर आजारांत येतो, तशीच सूज. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, पायाच्या शिरा, चालू असलेली औषधं, नाहीतर नुसतं बारा तास उभं राहणं. कारण कुठलंही असो, बाहेरून पाय सुजलेलाच दिसतो. गोळी यातल्या थोड्यांनाच लागू पडते. बाकीच्यांना लघवी होत राहते, अंगातलं सोडियम-पोटॅशियम ढासळतं, उठताना चक्कर येते आणि सूज आहे तिथेच.

नीट न बघताच कारण ठरवणं

आधी घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा. मनात सावकाश दहा आकडे मोजा आणि अंगठा उचला. खळगा पडून हळूहळू भरत असेल तर तिथे पाणी साठलंय. खळगाच पडत नसेल तर थायरॉईड किंवा लसिकावाहिन्यांचा (अंगात झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) दोष असू शकतो. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरून बघा. चिमटीत कातडी येतच नसेल तर लसिकेच्या सुजेची शंका घट्ट होते. हत्तीपाय त्याच जातीचा.

मग वेळ बघा. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं असतं आणि लघवीला फेस येतो, तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्या. संध्याकाळी घोटे सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झालं की गुदमरल्यासारखं होऊन उशीवर उशी घ्यावी लागते, तर संशय हृदयावर. पाय बारीक सुजलेले पण पोट मोठं, डोळे पिवळसर, तर यकृत. रक्त फार कमी असलं तरी पाय सुजतात.

मागावर उभं राहणाऱ्यांची किंवा निपाणीकडे मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांची सूज बहुतेक वेळा यातली नसते. पोटरीचे स्नायू चालताना रक्त वर ढकलतात; त्यांना दिवसभर कामच मिळालं नाही तर पाणी खाली साठतं. रात्री झोपल्यावर ही सूज उतरते. तासाभराने उठून चार पावलं टाकायची, बसल्या जागी पंजे वर-खाली करायचे, घरी आल्यावर अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. टाचेखाली एक चपटी उशी सरकवली म्हणजे पाय उंच झाले असं होत नाही.

चालू गोळ्यांचा हिशेब न करणं

ही चूक माझ्याच घरात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या माणसांचा एक दवाखाना बेळगावात असतो आणि एक मिरजेला नाहीतर कोल्हापूरला. माझी आई गुडघ्यासाठी मिरजेला जायची. तिथे बीपी जास्त लागलं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली, अ‍ॅमलोडिपिन. इथल्या डॉक्टरांची बीपीची गोळी आधीपासून चालूच होती. तीही अ‍ॅमलोडिपिनच, फक्त कंपनी वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा. आई दोन्ही घ्यायची, एक सकाळी, एक रात्री. दोन महिन्यांत घोटे इतके सुजले की चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात जाईना.

आणि मी काय केलं? मीठ कमी कर म्हणालो. पायाखाली लोड ठेवला. दिवसभर लोकांच्या गोळ्या तपासणारा माणूस, आईचा डबा उघडून बघितला नाही. पौर्णिमेला सौंदत्तीला निघताना तिने गोळ्या पिशवीत भरल्या, तेव्हा दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी दिसली. विचारलं तर म्हणाली, “तिकडची तिकडची हाय, हिकडची हिकडची. दोघांचंबी ऐकाय नको?”

अ‍ॅमलोडिपिनने बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्याशी उतरतं. डोस वाढला की सूज वाढते. 5 मिलिग्रॅमला जी जाणवत नाही ती 10 ला दिसते. अंगात जादा पाणी झालेलं नसतं, म्हणून पाण्याची गोळी इथे फारशी चालत नाही. उपाय म्हणजे डॉक्टरांनी डोस कमी करणं किंवा दुसऱ्या गटातली गोळी देणं. स्वतःहून बंद मात्र करू नका, बीपी उसळतं. आईची एक गोळी डॉक्टरांना विचारून थांबवली, पंधरवड्यात घोट्याचं हाड दिसायला लागलं.

सुजेला कारण होणाऱ्या आणखी गोळ्या: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या, स्टेरॉईड, मधुमेहातली पायोग्लिटाझोन, नसांसाठी देतात ती प्रेगाबॅलिन. बाजारात सांध्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चार दिवसांत गुडघा पळायला लागला आणि महिन्यात तोंड गोल झालं, तर पुडीवर संशय घ्या.

एका पायाची सूज चोळत बसणं

दोन्ही पाय सुजले तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. एकच पाय अचानक सुजला तर त्याच दिवशी.

गल्लीतल्या एका पोराचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघाल्यावर पोटरी टणक, गरम, दाबली की दुखायची. घरचे माझ्याकडे मलम मागायला आले. आजी आदल्या रात्री तेल लावून चोळून झाली होती. मी मलम न देता डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का बघणारी सोनोग्राफी, करायला पाठवलं. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो, म्हणून चोळणं, शेकणं, करकचून पट्टी बांधणं सगळं बंद. प्लॅस्टर, ऑपरेशन, बाळंतपण, खूप दिवस अंथरुणाला खिळणं, लांबचा बसप्रवास, यांनंतरची एका पायाची सूज हलक्यात घेऊ नका.

खानापूरकडच्या पावसात दुसराच प्रकार. रोप लावणीला आठ-आठ दिवस पाय चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या भेगांतून जंतू आत शिरतात. पाय लाल, तापलेला, वर थंडीताप. साखरेच्या रोग्याला तर फार लवकर. इथे हळदीचा लेप पुरत नाही, प्रतिजैविक लागतं. आणि चिखल्या बऱ्या केल्या नाहीत तर पुढच्या पावसात परत तेच. असं तीन-चारदा झालं की पाय कायमचा जाड होतो. शेतातून आल्यावर बेचक्या कोरड्या पुसा आणि बुरशीचं मलम वेळेत लावा.

“पोटुशीला सूज येतेच” म्हणून सोडून देणं

पावलांवर थोडी सूज येते, खरंय. पण डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या चार दिवसांत मनगटात रुतायला लागल्या, तोंड सुजलं, तर बीपी मोजलंच पाहिजे. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर, सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली पोटात दुखणं असेल तर रात्र उजाडायची वाट बघू नका. झटके येऊ शकतात. बाळंत झाल्यावरही काही दिवस हा धोका राहतो.

बांगडी किंवा अंगठी अडकायच्या आधी काढायची. साबणाचं पाणी लावून, हात थोडा वेळ उंच धरून निघते.

हाताच्या सुजेत आणखी दोन गोष्टी. सकाळी तासभर मुठी वळत नाहीत, दोन्ही हातांचे बारीक सांधे सुजलेत, तर तो संधिवात. 2006 साली कर्नाटकात चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा कितीतरी लोकांचे हात असेच महिनोन्‌महिने सुजलेले होते. आणि स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सुजत असेल तर तो लसिकेचा. त्या हातावर सुई आणि बीपीचा पट्टा टाळायला सांगा.

सलाईन आणि मीठ

पाय सुजलेत, अशक्तपणा आहे, “एक बाटली चढवा की.” मिठाच्या सलाईनच्या 500 मिलिलीटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी खा म्हणते. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या माणसाला अशी बाटली चढवली की सूज वाढते आणि रात्री धाप लागते. भाजीत मीठ कमी घालून पानात लोणचं, पापड आणि सुकी मासळी वाढली तर हिशेब तिथेच येतो. पाणी पिणं मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका, ते किती प्यायचं हे डॉक्टर ठरवतात.

सुजेबरोबर धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपत असल्यासारखं वाटणं असेल तर 108 ला फोन करा. एरवी डॉक्टरांकडे जाताना सकाळचं वजन लिहून न्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं असेल तर ते पाणीच. लघवीची तपासणी आधी करून घ्या, स्वस्त असते आणि पुष्कळ सांगते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारे भेटले की आपल्यातल्या बऱ्याच जणांना “कालु बावु” एवढंच सांगता येतं, पुढची हकीकत घशात अडते. कधीपासून, कुठल्या पायाला, सकाळी की संध्याकाळी, हे कागदावर लिहून द्या. आणि गोळ्यांची सगळी पाकिटं न्या, रिकामी झालेली सुद्धा. आई आता मिरजेला जाताना बिस्किटाच्या डब्यात घालून नेते, आणि डॉक्टरांनी मागायच्या आधीच टेबलावर ओतते.