ड्राफ्टला बसण्यापूर्वी प्रतवारीच्या रेघा ओढा

टोरांटोत आम्ही बारा मित्र नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्याने येणारी मुले दर उन्हाळ्यात, लीगचे खरे संघ ड्राफ्टमध्ये निवडतात तशी, आळीपाळीने आपापल्या कागदी संघांत घेतो, आणि घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या संघात सेंटरची, म्हणजे मधल्या आक्रमकाची, जागा रिकामी होती, म्हणून माझ्याच यादीत सहावा असलेला सेंटर मी तिसऱ्या निवडीत घेतला. पुढच्याच हिवाळ्यात अदलाबदलीत मला दुसरा सेंटर मिळाला आणि गरज संपली. त्या निवडीत ज्याला डावलले तो बचावपटू मात्र आजही मित्राच्या संघात आहे. यादी माझ्याकडे होती. नव्हत्या त्या प्रतवारीच्या रेघा.

लॅपटॉप, चार्जर, चहा यांविषयी सांगायला नको.

यादी करताना स्वतःच्या संघाचा कागद दुसऱ्या खोलीत ठेवावा. लीगचा स्काउटिंग विभाग उत्तर अमेरिकेतील व परदेशी खेळाडू वेगळे मांडतो आणि दोन्हींकडील गोलरक्षकही वेगळे काढतो. या चार याद्यांची एक यादी आपल्यालाच करावी लागते. ती करताना जन्मतारीख पाहावी. लीगच्या ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे 17 सप्टेंबर 1997 रोजी जन्मलेला ऑस्टन मॅथ्यूज 2015 ऐवजी 2016 च्या ड्राफ्टमध्ये आला. एकाच यादीतील दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि ते न पाहता गुणांची तुलना करणे व्यर्थ आहे.

आता रेघा. ज्या दोन नावांमध्ये खरोखर फरक वाटतो, त्यांच्यामध्ये पेनाने आडवी रेघ ओढावी. एकाच रेघेच्या आतील चौघांपैकी गरजेचा खेळाडू खुशाल घ्यावा. गरजेसाठी रेघ मात्र ओलांडू नये. पेनानेच ओढावी, कारण पेन्सिलीची रेघ ऐन वेळी खोडता येते. आणि आदल्या रात्रीच ओढावी, कारण निवडीसाठी नव्वद सेकंद उरले की सहावा आणि तिसरा सारखेच दिसू लागतात, मला दिसले. व्यावसायिकांनाही हा मोह आवरत नाही. 2018 साली सेंटरची चणचण असलेल्या मॉन्ट्रियलने तिसऱ्या क्रमांकावर येस्पेरी कोटकानिएमीला घेतले. पुढे नाव कमावलेला ब्रॅडी टकाचुक चौथ्या क्रमांकावर ओटावाकडे आणि तसाच क्विन ह्यूज सातव्या क्रमांकावर व्हँकुव्हरकडे गेला. 2021 मध्ये कोटकानिएमी कॅरोलिनाला गेला आणि मॉन्ट्रियलची ती जागा पुन्हा रिकामी झाली. अठरा वर्षांचा मुलगा बहुधा दोन-तीन वर्षांनी तयार होतो; तोवर आजचे खिंडार कुठे असेल, हे कोण सांगणार? रेघा ओढल्या का? नसतील, तर पुढे वाचण्याआधी ओढा.

गोलरक्षक पहिल्या फेरीत शक्यतो घेऊ नये, कारण ते उशिरा पिकतात: 2000 साली न्यूयॉर्क आयलंडर्स संघाने पहिल्याच क्रमांकावर रिक डिपिएत्रोला घेतले, आणि पुढे त्याच्याहून कितीतरी मोठा गोलरक्षक ठरलेला हेन्रिक लुंडक्विस्ट त्याच ड्राफ्टमध्ये 205 व्या क्रमांकावर न्यूयॉर्क रेंजर्स संघाला मिळाला. दोन नावे अगदीच तुल्यबळ असली, तर सेंटर घ्यावा; तो विंगवर, म्हणजे बाजूच्या आक्रमकाच्या जागी, खेळू शकतो, उलटे सहसा जमत नाही.

आधी गेलेली नावे लगेच खोडावीत. चौथ्या फेरीनंतर गरजेचा विचार सोडावा. सातव्या फेरीत आवडेल ते नाव घ्यावे. तोवर सगळ्यांनाच भूक लागलेली असते.