वारा पडला म्हणून कडी काढू नका

मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचा इशारा एक ते चार अशा वर्गांत दिला जातो. पाणी भरणे, औषधे, टॉर्च, खिडक्यांच्या फळ्या, सगळे दुसऱ्या वर्गातच उरका. चौथा वर्ग म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत बेटावर पोहोचलेले असतात. तेव्हा अंगणात राहिलेली बादलीसुद्धा आणायला जायचे नाही. खरी फसगत होते ती वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आल्यावर. 1975 च्या ‘जर्व्हेज’ चक्रीवादळाचा डोळा बेटावरूनच गेला होता. वारा पडतो, उजाडल्यासारखे वाटते, माणसे छप्पर बघायला बाहेर पडतात आणि मग वारा उलट दिशेने येतो. म्हणून आडोशाची बाजूही आधीच बंद करा. इशारा मागे घेतल्याचे रेडिओवर ऐकेपर्यंत आतच थांबा.