जुन्या डिझेल एसयूव्हीचा ईसीएम कसा बदलावा

साधारण २००५ ते २०१५ च्या दरम्यानच्या कॉमन रेल डिझेल गाड्या, म्हणजे स्कॉर्पिओ, सफारी आणि त्यांच्या जातकुळीतल्या, डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. चार नट आणि दोन कपलर, एवढ्यावरच तो गाडीत बसलेला असतो. काढून दुसरा लावायला अर्धा तास पुरतो. तरीही गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहते, कारण एक तर धडधाकट ईसीएम मेला म्हणून काढलेला असतो, नाही तर जुन्यातली माहिती काढून न घेताच नवा बसवलेला असतो.

ईसीएमच गेलाय का?

किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि स्कॅनर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, इंजिनाशी बोलत नाही, एवढ्यावरून ईसीएमला दोष देऊ नका. सप्लाय किंवा अर्थ तुटला तरी नेमकं हेच दिसतं. पी ०६०१ किंवा पी ०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे आहेत. पण बॅटरी कमजोर असेल तर असे कोड उगाचही पडू शकतात. स्टार्टर फिरताना बॅटरी ९.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा.

सप्लाय तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. उंदराने कुरतडलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमचे कपलर सोडवा, मग बॅटरी परत जोडा. आता कपलरच्या सप्लाय पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हला बल्ब लावा. नंतर प्रत्येक अर्थ पिनेपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. दर वेळी तो लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणता पेटला तर दोष वायरीत, फ्यूजबॉक्समध्ये किंवा बॉडीवरच्या अर्थ बोल्टमध्ये आहे. बहुतेक गाड्यांत मेन रिले, म्हणजे मुख्य सप्लाय जोडणारा स्विच, ईसीएम स्वतःच ओढतो, त्यामुळे कपलर सुटलेला असताना त्या रिलेनंतरचा सप्लाय मिळणार नाही. रिले उपसून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या जागा फ्यूज लावलेल्या वायरीने जोडा आणि मग बल्ब लावा. सप्लाय आणि अर्थ सोडून दुसऱ्या कोणत्याही पिनेला हा बल्ब लावायचा नाही.

कपलरच्या पिनेत मल्टिमीटरचं जाड टोक कधीही खुपसू नका. पीन फाकते, पकड जाते आणि मग नवा ईसीएम बसवूनही गाडी खड्ड्यात आदळली की बंद पडते. बारीक टाचणी किंवा पिनेच्याच मापाची तार वापरा.

यानंतर सेन्सरचे पाच व्होल्ट. कपलर परत लावा, किल्ली ऑन करा आणि सेन्सरच्या कपलरवर मोजा. अनेक सेन्सर एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली बसते आणि ईसीएम मेल्यासारखा वागतो. रेल प्रेशर, बूस्ट, ईजीआर, पेडल असे एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो सेन्सरच गुन्हेगार आहे. तिथे ईसीएम बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

कॅन, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायची दोन वायरींची लाइन, असलेल्या गाडीत बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे जिथे स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याच्या आसपास आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

शेवटी ईसीएमच्या पिना उजेडात नीट बघा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट कळकतं, तसा हिरवट थर पिनांच्या मुळाशी दिसला तर पाणी आत गेलेलं आहे. पावसाळ्यात तुंबलेलं काउल, म्हणजे पुढच्या काचेखालची पन्हळ, इंजिनावर मारलेला प्रेशर वॉशर किंवा वायरिंगमधून ओघळत आलेलं पाणी, ही त्याची नेहमीची कारणं.

तो कशाने मेला, ते आधी काढा

हे सोडलंत तर दुसरा ईसीएमही त्याच वाटेने जातो. इंजेक्टरचे कपलर काढून प्रत्येकाची पीन आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावा. जोडणी अजिबात दिसता कामा नये. एका इंजेक्टरची कॉइल बॉडीला लागलेली असेल तर ईसीएमचा ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरला करंट देणारा बोर्डवरचा भाग, जळतो. इंजेक्टरला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज जातं, म्हणून इंजिन चालू असताना त्या वायरींना हात लावायचा नाही. गाडी चालू होण्याजोगी असेल तर चार्जिंगही बघा: १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १५ च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटर दुरुस्त करा. बॅटरी न सोडवता चासीवर केलेलं वेल्डिंग आणि उलटी लावलेली जम्पर केबल यांनीही ईसीएम जातात.

दुसरा ईसीएम निवडताना

बाहेरून सारखा दिसतो आणि कपलर बसतो, हा काही निकष नाही. बॉशच्या डिझेल ईसीएमच्या लेबलवर ०२८१ ने सुरू होणारा दहा आकडी हार्डवेअर नंबर असतो. तो शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. १०३७ ने सुरू होणारा नंबर सॉफ्टवेअरचा. हार्डवेअर तोच असून सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं: प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे बीएस ३ आणि बीएस ४, टू व्हील आणि फोर व्हील ड्राइव्ह, इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असलेली आणि नसलेली. कुर्ल्यासारख्या जुन्या मालाच्या बाजारातून घेत असाल तर लेबल खरवडलेला डबा घेऊ नका आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरं तर जुन्याचं बोर्ड दुरुस्त होत असेल तर माझी पहिली पसंती त्याला. ड्रायव्हर किंवा सप्लायचा भाग जळला असेल तर चांगला बोर्ड दुरुस्त करणारा तो बदलतो आणि गाडीची ओळख जिथल्या तिथे राहते.

खरं काम: जुन्यातली माहिती नव्यात नेणं

ईसीएममध्ये दोन प्रकारची माहिती असते. फ्लॅशमध्ये इंजिन चालवायचा प्रोग्राम. ईईप्रॉममध्ये त्या एकाच गाडीची ओळख: चासी नंबर, इमोबिलायझरची गुप्त जोडणी, इंजेक्टर कोड आणि इंजिनाने चालता चालता शिकलेल्या गोष्टी. बॉशच्या ईडीसी १६ जातीच्या ईसीएममध्ये ही ओळख सहसा बोर्डवरच्या आठ पायांच्या वेगळ्या चिपमध्ये असते. ईडीसी १७ च्या पुष्कळ ईसीएममध्ये ती प्रोसेसरच्या आतच असते. म्हणून नुसती चिप काढून लावतो म्हणणाऱ्याला आधी तुमचा ईसीएम कोणता आहे ते विचारा. उत्तर पटकन आलं नाही तर डबा परत घ्या.

ईसीएमचे ड्रायव्हर जळले तरी प्रोसेसर पुष्कळदा शाबूत असतो, आणि मग सगळी माहिती टेबलावर वाचता येते. फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही पूर्ण वाचून घ्या. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळच्या फाइली एकमेकींशी ताडून बघा. एका बाइटचाही फरक असेल तर वाचन चुकलंय, तिसऱ्यांदा वाचा. फाइली जुळल्या की दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि तोवर जुन्या ईसीएमला सोल्डरिंग गन लावू देऊ नका. ही फाइल गेली तर ती जगात दुसरीकडे कुठेही नाही.

लिहिताना पॉवर सप्लाय स्थिर हवा. गाडीवरच लिहायचं असेल तर बॅटरीला चांगला रेग्युलेटेड सप्लाय जोडा, दिवे, पंखा, एसी बंद ठेवा आणि मध्ये कोणालाही दार उघडू देऊ नका. अर्धवट लिहिलेला ईसीएम टेबलावर उघडून वाचवावा लागतो, आणि दर वेळी तो वाचतोच असं नाही. 'सेम गाडीची फाइल आहे माझ्याकडे' म्हणत कोणी दुसऱ्या गाडीचा ईईप्रॉम टाकायला निघालं तर ठाम नाही म्हणा. त्यात दुसऱ्याचा चासी नंबर आणि दुसऱ्याचे इंजेक्टर कोड येतात.

जुना काहीच वाचता येत नसेल तर कंपनीचा कोरा ईसीएम आणि कंपनीचा स्कॅनर, हाच सरळ रस्ता. आरसी आणि गाडीच्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या. जोडणीच्या वेळी जी किल्ली हजर नसेल ती नंतर गाडी चालू करणार नाही. इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारे पुष्कळ भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. चोरापासून गाडी राखणारी कडी आपल्याच हाताने काढून टाकण्यासारखं ते आहे.

आता इंजेक्टर कोड, कारण घाईत हेच राहून जातात. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर मोजलेला असतो आणि त्याचा डिझेल सोडण्यातला बारीक फरक कोडमध्ये असतो. बॉशच्या अशा इंजेक्टरांवर तो सात अक्षर-आकड्यांचा, डोक्यावर कोरलेला. कापडाने पुसा, तिरपा उजेड पाडा, चारही कोडचे फोटो काढा, ८ आणि बी मध्ये गफलत करू नका. चुकीचा वाचलेला कोड स्कॅनर बहुतेक वेळा नाकारतो. पण बरोबर कोड चुकीच्या सिलिंडरला दिला तर तो निमूट स्वीकारतो, आणि इंजिन आयडलला थरथरतं, ठोकतं, काळा धूर सोडतं. लोक मग इंजेक्टर बदलायला निघतात. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूला हे मॅन्युअलमध्ये बघून त्या क्रमानेच कोड भरा.

बसवणं

किल्ली बंद करून पाच मिनिटं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, बॉडीला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, मग ईसीएम बदला. कपलरची कडी आपल्या जागी बसल्याचा आवाज आला पाहिजे.

पहिला स्टार्ट

लगेच स्टार्टर मारू नका. किल्ली ऑन करून स्कॅनरवर बघा: चासी नंबर आरसीशी जुळतो का, रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान हवेइतकंच दिसतं का, पेडल सावकाश दाबल्यावर आकडा न अडखळता शून्याजवळून वर चढतो का. कोड पुसा, परत किती येतात ते बघा. मग स्टार्टर. इंजिन फिरतंय पण पेटत नाही आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय, तर डिझेलच्या लाइनीत हात घालू नका, जोडणी अर्धवट राहिली आहे. दिवा शांत असेल तर स्टार्टर फिरताना रेल प्रेशर चढतंय का ते बघा.

चालू झाल्यावर दहा मिनिटं आयडल, मग वीस-पंचवीस किलोमीटर साधं ड्रायव्हिंग, थोडं चढावर, आणि परत स्कॅन. जुना ईसीएम तोवर भंगारात देऊ नका. एक पावसाळा जाईपर्यंत तो सुक्या डब्यात, लेबलाच्या फोटोसकट ठेवा.