वाकडी बंदूक, निसटता हात आणि पावसाळी हवा

नेपोलियनच्या ओल्ड गार्ड या खास रक्षकदलातला ग्रेनेडियर (निवडक पायदळ शिपाई), म्हणजे त्याचा भाग जोडून रंगवायचा छोटा पुतळा, ७५ मिमी, रेझिनचा (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा). खोक्यातून निघाला तेव्हा त्याच्या बंदुकीची नळी धनुष्यासारखी वाकलेली. रेझिनचे बारीक भाग वाकतातच, घाबरू नका. चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी कडकडीत केलं, चिमट्याने नळी त्यात धरली, मऊ पडल्यावर स्टीलच्या पट्टीला टेकवून सरळ केली आणि तशीच थंड पाण्यात बुडवली. बसली. (ते पातेलं आता स्वयंपाकघरात परत जात नाही.)

डावा हात नुसत्या सुपरग्लूवर टिकेना. खांद्यात आणि दंडात १ मिमीचं भोक पाडून पितळी तारेचा तुकडा बसवला, फट इपॉक्सी पुटीने भरली. बोट ओलं ठेवलं की पुटी चिकटत नाही.

खरी कटकट अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोपीची. साच्याची शिवण (साच्याच्या दोन भागांच्या जोडावर उमटणारी उंच रेघ) थेट केसांवरून गेलेली. तिथे पॉलिश पेपर लावला तर केस सपाट होतात. म्हणून सुईने, केसांच्याच दिशेने, एकेक रेघ ओढत शिवण मोडली. बाकी अंगावर ओला पेपर आणि तोंडाला मास्क, रेझिनची धूळ छातीला वाईट.

मग भांड्यांच्या साबणाने धुतलं, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत बाल्कनीत स्प्रे मारला तर थर पांढुरका पडायची भीती. मी घरातच ग्रे अ‍ॅक्रिलिक प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) ब्रशने पातळ दिला. त्यात दंडावरची एक राहिलेली शिवण लगेच दिसली. ती घासून तेवढ्यावर परत एक हात मारला.