हापूसच्या रीलला लाइक भरपूर, पेट्या मात्र पडवीतच? या चुका टाळा

रत्नागिरीजवळ मावशीची हापूसची बाग आहे. दलालाकडे न पाठवता थेट गिऱ्हाइकाला आंबा द्यायचा, म्हणून चार हंगामांपूर्वी मी तिचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हाती घेतलं. पहिल्या वर्षी रील खूप लोकांनी पाहिली, पण पेट्या पडवीत पडून राहिल्या. तेव्हा केलेल्या चुका आज कितीतरी बागायतदारांच्या खात्यांवर दिसतात आणि जीव तुटतो. वर्षभराची मेहनत असते ती, आणि अढीत घातलेला आंबा कोणासाठी थांबत नाही.

पहिली चूक वेळेची. फळ उतरवल्यावर एप्रिलमध्ये खातं उघडलं, तर लोकांची ओळख होईपर्यंत पाऊस दारात येतो. सुरुवात मोहोरापासून करा. डिसेंबर-जानेवारीत मोहोर दाखवा, मग सुपारीएवढी कैरी, मग झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट काढलेलं फळ. देठ का ठेवायचा, चीक सालीवर ओघळला की डाग कसा पडतो, हे मावशीने अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. त्यावर जेवढे प्रश्न आले तेवढे सजवलेल्या पेटीच्या फोटोवर कधीच आले नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे ‘दरासाठी मेसेज करा’. गिऱ्हाईक रात्री अकराला फोन चाळत असतं. ते मेसेज करतं, तुम्ही सकाळी बागेत असता, उत्तर दुपारी जातं. तोवर त्याने दुसरीकडे पेटी सांगितलेली असते. शिवाय दर लपवला की माणसाला वाटतं, आपला चेहरा बघून आकडा सांगणार. म्हणून सगळं पोस्टमध्येच लिहा, मराठीत, एका दमात वाचता येईल असं: ‘हापूस, ५ डझनांची पेटी, फळ २५० ते ३०० ग्रॅम. कच्चा आंबा येईल, घरी पिकवायचा. फक्त पुणे आणि मुंबई. पेटी निघाल्यापासून दोन दिवसांत घरी.’ खाली दर आणि फोन नंबर. गावांची नावं टाळू नका. आमची पहिली रील कुठल्या कुठल्या राज्यांत फिरली, पण तिथे पेटी पोचवणार कोण?

रीलवर अक्षरं टाकताना तळाची जागा मोकळी सोडा. तिथे इन्स्टाग्रामची स्वतःची ओळ येते आणि तुमचा नंबर झाकला जातो. पोस्टखाली लिहिलेल्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही, ती बायोमध्ये, म्हणजे खात्याच्या नावाखालच्या ओळखीत, ठेवा. आणि बागेतून भाऊ व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत असेल, तर एचडी निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या पाठवलेल्या फोटोत फळाचा केशरी रंग धुऊन जातो.

व्हॉट्सॲपवर आम्ही फसलो ते ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीत. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. आम्ही ‘दुसरी तोड सुरू’ असं पाठवलं आणि वाट पाहत बसलो. आता प्रत्येक पेटीत गवतावर एक चिठ्ठी असते: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढची तोड कळवू.’ स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून पेट्यांची माहिती व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही ठेवा.

तक्रारीची कमेंट पुसू नका. हापूसमध्ये साका निघतो, बाहेरून फळ देखणं आणि आत पांढरट, पोकळ गर. कापल्याशिवाय तो कळत नाही. हे तिथेच, सगळ्यांसमोर सांगा आणि फळ बदलून द्या. आमची जुनी गिऱ्हाइकं अशा उत्तरांमुळेच टिकली.

जीआयची, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची, खूण सरसकट लावू नका. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते. फॉलोअर विकत घेण्यात तर पैसे घालूच नका, ते आंबे खात नाहीत.

एका ओळखीच्या बागायतदाराचं खातं ऐन मे महिन्यात गेलं. ‘तुम्ही कॉपीराइट मोडलाय, २४ तासांत खातं बंद होईल’ असा मेसेज आला, त्यांनी घाबरून लिंक उघडली आणि पासवर्ड टाकला. असे मेसेज उघडू नका, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, आजच चालू करा. खात्याला जोडलेला नंबर आणि ईमेल घरातलाच ठेवा, पुण्यातल्या भाच्याचा नको. कुणी तुमच्या नावाने पैसे उकळले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

हंगामाआधी एकदा शेजारच्या काकूंच्या हातात फोन द्या आणि म्हणा, ‘आमच्या खात्यावरून एक पेटी मागवा बघू.’ मध्ये बोलू नका, फक्त बघा कुठे अडतात ते. आमच्या काकू दर शोधत जुन्या फोटोंमध्ये खाली खाली जात राहिल्या. त्याच रात्री आम्ही दराची पोस्ट सगळ्यात वर पिन केली.