सिरीयल लिहायचीये? आधी आजीला आळंदीला पाठवायला शिका

मी एकांकिका लिहून आलेली, त्यामुळे सगळं एकटीनंच लिहायचं ही सवय. टायटल्समध्ये कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं येतात ते कधी नीट बघितलंच नव्हतं. डेलीमध्ये, म्हणजे रोजच्या सिरीयलमध्ये, कथाकार ट्रॅक म्हणजे गोष्ट पुढे कुठे जाणार ते ठरवतो, चॅनलनं तो पास केला की पटकथावाला एपिसोडचे सीन पाडतो आणि संवादवाल्याकडे ते येतात तेव्हा बहुतेक वेळा शूट उद्यावर आलेलं असतं. नवीन माणसाला मिळालंच तर संवादाचं नाहीतर कुणाचातरी असिस्टंट म्हणून काम मिळतं, नाक मुरडू नका.

माझ्या पहिल्याच सिरीयलला आजीचं काम करणाऱ्या ताईंचं नाटकही चालू होतं, मधेच दौरा लागला. रात्री साडेअकराला प्रॉडक्शनचा फोन, उद्या आजी नाहीये, आणि पाच सीन तिच्यावरच! मी रडकुंडीला. सिनियर लेखक म्हणाले, अगं आजीला आळंदीला पाठव आणि तिची वाक्यं सुनेला दे. पण सून तसं बोलेलच कशाला, म्हणून मग मला भांडणाचं कारणच बदलावं लागलं आणि खरं सांगू, सीन आधीपेक्षा बरा झाला. तेव्हापासून लिहायला बसायच्या आधी कुणाच्या डेट्स आहेत, कुठला सेट उभा आहे हे विचारून घेते. 'बाहेर मुसळधार पाऊस' एवढं आपण सहज लिहितो, तिकडे टँकर मागवावा लागतो.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटं मिळतात. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा पडला की महिनाभर ठरवलेला ट्रॅक दुपारपर्यंत गुंडाळला जाऊ शकतो, त्याचं वाईट वाटून घ्यायला वेळ नसतो कारण संध्याकाळी नवीन सीन द्यायचे असतात.

पैसे एपिसोडमागे, तेही उशिरा. माझा पहिला चेक तीन महिन्यांनी आला, टीडीएस कापून, तोवर रूमचं भाडं भावाकडून. अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिथं मेंबर व्हा आणि कथा कुणाला ऐकवायच्या आधी रजिस्टर करा.

निर्माता व्हायचं डोक्यात असेल तर एक लक्षात घ्या, चॅनलचे पैसे नंतर येतात, रोजचा खर्च आधी तुमच्या खिशातून, आणि सिरीयलचे हक्क सहसा चॅनलकडेच राहतात. एप्रिल 2021 मध्ये लॉकडाऊनमुळे इथलं शूट थांबलं तेव्हा बऱ्याच मराठी सिरीयल्स गोव्याला गेल्या, म्हणजे हॉटेल, जेवण, अख्खं युनिट, आणि मे महिन्यात तिथलंही शूट बंद झालं. लेखकांची पंचाईत वेगळीच, आख्खं कुटुंब अचानक गोव्यात का, याचं कारण शोधा!

काम मागायला जाताना शंभर एपिसोडची कथा नेऊ नका, दोन-तीन सीन न्या. मी कथेची जाडजूड फाईल घेऊन गेले होते, ती कुणी उघडलीसुद्धा नाही. दोन जावा मेथी निवडत बोलतायत असा चार पानांचा सीन होता, त्यावर काम मिळालं.